मालवणात स्वस्त खोली जरूर घ्या, पण खोलीवाल्याकडून बोट घेऊ नका

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघं नागपूरहून मालवणला चार दिवसांसाठी जाणार आहात. खोलीला रोजचे दीड हजारांच्या वर घालवायचे नाहीत. एका लॉजवाल्यानं फोनवर राहणं, जेवण आणि स्कुबा (तोंडातल्या नळीनं सिलिंडरची हवा घेत पाण्याखाली उतरणं) मिळून एकच आकडा सांगितला आहे, तो घ्यावा का? मालवण गावात राहावं की तारकर्लीला? आणि जूनमध्ये खोल्या निम्म्या भावात मिळतात, आपल्या विदर्भातल्या शाळाही उशिरा उघडतात, तर जूनमध्येच का जाऊ नये? तुमच्यापैकी कुणालाच पोहता येत नाही, हेही तुम्ही सरळ लिहिलंत, ते फार बरं केलंत.

मी नागपुरात पूलमध्ये स्कुबाची तोंडओळख करून देते आणि हंगामात लोकांना घेऊन मालवणला जाते. मुक्काम साध्या लॉजवर नाहीतर एखाद्या घरगुती निवासात असतो. दिवसाचा बराच वेळ बाहेर जाणार असेल, तर पलंगावर पैसे का घालायचे? तेव्हा दीड हजारांच्या खोलीबद्दल मनात शंका ठेवू नका, तेवढ्यात चांगली खोली मिळते. मात्र त्या एका आकड्यातलं पॅकेज घेऊ नका. खोली वेगळी ठरवा, बोट वेगळी ठरवा. का ते पुढे सविस्तर सांगते, कारण सगळी काळजी तिथंच घ्यायची आहे.

जूनचं आधी निकालात काढू. जूनमध्ये खोली स्वस्त असते कारण समुद्र बंद असतो. दरवर्षी साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद ठेवतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी असते, म्हणजे ताटातली सुरमईसुद्धा बर्फातली. बंदीच्या तोंडावर, मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणंही मी टाळते. २४ मे २०२२ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मेअखेरीस पावसाळी वारा सुरू होतो, लाटा उठायला लागतात आणि हंगामाचे शेवटचे चार पैसे मिळवायची घाईही असते. सुट्टी जूनचीच असेल तर आंबोलीचा पाऊस बघायला जा, स्कुबाचं नाव काढू नका.

जायचं तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोवर खाली बसलेला असतो, समुद्र शांत असतो. त्यातही नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा सोडा. दीड हजारांची खोली त्या दिवसांत तीन हजारांनाही हातची जाते, आणि बोटींवर इतकी गर्दी होते की पाण्याखाली कुणाला धड वेळ मिळत नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा मला सगळ्यात आवडतो. मुलीच्या शाळेचे दोन-तीन दिवस बुडतील, पण तेवढे बुडू द्या.

तारीख ठरवताना एक गोष्ट करा, भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिथी बघा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, प्रवाह जोरात असतो आणि तळाचा गाळ उठून पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची ओढ कमी. शाळेच्या भूगोलात आपण हे वाचलेलं असतं, नागपुरात त्याचं काम कधी पडत नाही. मालवणातला कोळी मात्र अजून तिथी बघूनच अंदाज बांधतो. अष्टमी धरून दोन दिवस इकडे-तिकडे असे दिवस मिळाले तर त्याच पैशात दुप्पट दिसेल. अंदमानइतकं नितळ पाणी मालवणात नसतंच, चांगल्या दिवशीही काही मीटर पुढचंच दिसतं, म्हणून दिवस नीट निवडणं इथं जास्त गरजेचं आहे.

आता मुक्काम कुठं. तारकर्लीचा किनारा सुंदर आहे यात वाद नाही. माडांच्या बागेत घरगुती निवास, दारातून उठून वाळूत. पण मालवण गावापासून ते सहा-सात किलोमीटरवर आहे. तुमच्याकडे गाडी नाही, सोबत सासूबाई आहेत. प्रत्येक वेळी रिक्षा करावी लागेल, आणि खोलीत वाचवलेले पैसे रिक्षात जातील. देवबाग त्याच्याही पुढे, एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी चिंचोळी पट्टी. तिथल्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ लागतं, त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. दोघंच असता आणि दुचाकी भाड्यानं घेणार असता, तर मी तारकर्लीच म्हटलं असतं.

तुम्ही गावातच राहा. पण एसटी स्टँडला किंवा बाजारपेठेला अगदी लागून नको, चिवला किनाऱ्याकडे, धुरीवाड्यात नाहीतर दांडीच्या बाजूला बघा. तिथून किनारा चालत, जेटी जवळ, औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर. किल्ल्यामागच्या खडकांवर जाणाऱ्या बोटी याच बाजूनं सुटतात. आणि एक गोष्ट बायकांनी तरी लक्षात घ्यायलाच हवी. पाण्यातून बाहेर आल्यावर चिंब कपड्यांत परत यायचं असतं. किनाऱ्यावर कपडे बदलायला आडोसा असतो, पण तो कसा असेल सांगता येत नाही. खोली दहा मिनिटांवर असली की टॉवेल गुंडाळून सरळ खोली गाठता येते. तारकर्लीहून आलेल्या बायका त्याच ओल्या कपड्यांत तासभर बसलेल्या मी बघते, तेव्हा वाईट वाटतं.

खोली बघताना आपण नागपूरकर हमखास एसी आहे का, टीव्ही आहे का हे विचारतो. स्कुबासाठी जाताना वेगळंच विचारायचं असतं. पहिला प्रश्न: कपडे वाळत घालायला उन्हातली जागा आहे का? आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर टाकलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. कोकणातली हवा दमट, तिथं रात्री खोलीत टाकलेला टॉवेल सकाळी तसाच ओला. स्विमिंगचे कपडे, टॉवेल, मुलीचा टी-शर्ट असं ओलं ओझं पहिल्याच दिवशी साचतं, आणि दुसऱ्या दिवशी ओले कपडे अंगावर चढवून बोटीवर वारा लागला की सर्दी ठरलेली. सर्दी झाली की स्कुबा संपलं, ते का हे खाली येईलच. म्हणून मला गच्ची किंवा अंगणातली दोरी एसीपेक्षा महत्त्वाची. बाल्कनीतल्या गजावर टाकून भागेल असं लॉजवाला सांगेल, पण बाल्कनी उत्तरेची असेल तर तिथं ऊन पडतच नाही. जाताना दहा-पंधरा चिमटे आणि चार मीटर नायलॉनची दोरी सोबत न्या. एखाद्या लॉजवाल्यानं 'खोलीत कूलर आहे' असं कौतुकानं सांगितलं तर त्याचे जास्त पैसे देऊ नका. कूलर चालतो तो आपल्या कोरड्या हवेत. दमट हवेत तो नुसता ओलावा वाढवतो. जानेवारीत पंखा पुरतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. खोली ताब्यात घेण्याआधी न्हाणीघरात जा आणि नळ पूर्ण सोडून मिनिटभर उभ्या राहा. धार कशी आहे, पाणी तांबूस येतंय का, हातावर घेऊन जिभेला लावलं तर खारट लागतं का. समुद्रातून आल्यावर केस, कान, कपडे, मास्क सगळं गोड्या पाण्यानं खळखळून धुवावं लागतं. खारं पाणी कानात तसंच राहिलं, वर दमट हवा, मग कानाच्या नळीत खाज सुटते आणि दोन दिवसांत ठणका लागतो. कान धुवून, डोकं एका बाजूला झुकवून पाणी निथळू द्यायचं, टॉवेलच्या टोकानं बाहेरून टिपायचं. कापूस लावलेली काडी आत घालायची नाही. न्हाणीघरात दोन बादल्या आहेत का तेही बघा, एका बादलीत सगळ्यांचं सामान बुडवून ठेवता येतं. गरम पाणी सकाळी किती ते किती, हेही विचारा. साध्या लॉजमध्ये बऱ्याचदा सोलरचं पाणी असतं आणि पहाटे ते कोमट येतं.

तिसरं, झोप. गादी बोटांनी दाबून बघा, उशी नाकाशी नेऊन वास घ्या. कुबट वास आला तर दुसरी खोली मागा, लाजू नका. दमट हवेत बुरशीची उशी रात्रभर नाकाशी राहिली तर सकाळी नाक चोंदलेलं असतं. खिडकीला जाळी आहे का बघा, डास आहेत. आणि रस्त्यावरची खोली नको, मागची मागा. मासे उतरवणाऱ्या गाड्यांची वर्दळ पहाटेच सुरू होते. सासूबाईंसाठी तळमजला. बाथरूमची फरशी ओली असताना पाय सरकतो का, तेही पाय घासून बघा. एवढं नीट असेल तर भिंतीचा रंग उडालेला असो, टीव्ही बंद असो, बिनधास्त घ्या.

आणि आता पॅकेज. लॉजवाला वाईट माणूस असतो असं अजिबात नाही. मालवणातले लोक पाहुण्याचं मनापासून करतात. पण त्याच्या पॅकेजमध्ये जी बोट असते ती त्याच्या ओळखीची असते, कधी भावाची, कधी शेजाऱ्याची, आणि तिच्यावर त्याचं कमिशन असतं. उद्या सकाळी समुद्र जरा उठलेला दिसला आणि तुम्ही म्हणालात 'आज नको', तर पॅकेज घेतलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. पैसे आधीच दिलेले असतात, दुपारच्या जेवणाचं, किल्ल्याचं सगळं वेळापत्रक त्यावर बेतलेलं असतं. पाण्यात उतरायचं की नाही हा निर्णय त्या सकाळी तुमच्या हातात मोकळा राहिला पाहिजे. न पोहता येणाऱ्या माणसासाठी तर तो फारच मोलाचा. म्हणून बोट स्वतः जाऊन बघा, आदल्या संध्याकाळी.

संध्याकाळी जाऊन काय बघायचं? बोट पाण्यात असो की वाळूत ओढलेली, तिच्याजवळ जा आणि चालवणाऱ्याशी बोला. जलक्रीडेचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडून लागतो, तो दाखवा म्हणा. चांगला माणूस लगेच दाखवतो, त्याला त्याचा अभिमानच असतो. एका फेरीला किती जण नेता? पाण्याखाली एका पाहुण्याबरोबर एक माणूस असतो ना? तो शिकलेला आहे का, कुठून? तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कुबा शिकवणारी संस्था आहे, तिथून शिकून निघालेली स्थानिक मुलं आता या किनाऱ्यावर काम करतात, आणि ती मुलं पाण्यात खरोखर हुशार आहेत. लाइफ जॅकेट अंगावर घालून बघा, मुलीलाही घालून बघा. बक्कल तुटलेलं, पट्टा नुसती गाठ मारून बांधलेला असेल तर तिथून निघा. तब्येतीचा फॉर्म भरून घेता का, हे शेवटी विचारा. 'त्याची काही गरज नाही हो' असं उत्तर आलं तर ती बोट तुमची नाही.

फॉर्म म्हणजे कागदी सोपस्कार नाही. दमा, हृदयाचा आजार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाण्याखाली जायचं नाही. तुमच्या मुलीचं वय आड येत नाही, जगभरातल्या बहुतेक शिक्षणसंस्थांची किमान मर्यादा दहा वर्षांची आहे. फक्त तिला मनापासून जायचंय ना, हे तिला एकटीला विचारा. बाबा उतरतायत म्हणून घाबरत घाबरत उतरलेलं पोर पाण्याखाली एकदम बिथरतं.

पोहता येत नाही याची भीती कमी करते. मालवणात पर्यटकांचं स्कुबा उथळ पाण्यात असतं, काही मीटरांवर, आणि माणूस पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. काही बोटींवर पाठीवर सिलिंडर बांधतात, काहींवर सिलिंडर बोटीतच राहतो आणि लांब नळीनं हवा तोंडापर्यंत येते. दोन्हीत तुम्हाला काम एकच, तोंडानं सावकाश श्वास घेत आणि सोडत राहायचं. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर नाहीच. पाच मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दीडपट होते. तोंड मिटलेलं असेल तर ती फुप्फुसाला इजा करते. पाण्यातला हा एक नियम मुलीला पाठ करून घ्या.

कानांचं थोडं जास्त सांगते, कारण दहातले बरेच लोक कानामुळे अर्ध्यातून वर येतात. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि सगळ्यात मोठा फरक पहिल्या दोन-तीन मीटरांतच जाणवतो. त्यामुळे उथळच आहे म्हणून कान दुखणार नाही असं नसतं. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि हळूच नाकात फुंकायचं. कानात टक असं होतं आणि मोकळं वाटतं. हे दुखायला लागल्यावर करायचं नाही, दुखायच्या आधी, दर अर्ध्या मीटरला करायचं. दुखलं तर खाली जायचं नाही, थोडं वर यायचं आणि पुन्हा फुंकायचं. आजपासून घरी रोज करून बघा, दोन्ही कान उघडतात का ते कळेल. नाक चोंदलेलं असेल तर हवा कानापर्यंत पोचतच नाही. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरायचा मोह टाळा, पाण्याखाली त्याचा असर ओसरला की वर येताना कान अडकतो. म्हणूनच मी ओल्या टॉवेलाला आणि कुबट उशीला एवढं महत्त्व देते.

खुणाही निघण्याआधीच घरी शिकवा. आपण 'मस्त' म्हणायला अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या', आणि तो माणूस खरंच वर नेतो. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं गोल. कानात दुखतंय तर कानाकडे बोट, आणि पंजा आडवा हलवायचा.

बोट सकाळचीच घ्या, जमलं तर पहिली. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, किनाऱ्याजवळ पाणी बसलेलं असतं. ऊन चढलं की खारा वारा सुटतो, दुपारी लाटा उठतात आणि बोट हलायला लागते. म्हणून लॉजवाल्याला आदल्या रात्रीच सांगा की नाश्ता सातला हवा. साध्या लॉजमध्ये स्वयंपाकघर उशिरा उघडतं, तेव्हा नाही जमलं तर केळी आणि बिस्किटं खोलीत ठेवा. उतरायच्या दीड-दोन तास आधी हलकं खा: घावणे, आंबोळी, साधे पोहे. तर्री नको. रात्री उशिरापर्यंत मद्य घेऊन सकाळी पाण्यात उतरणारेही मी बघते. तुमच्या घरी तो प्रश्न नसावा, पण सोबत कुणी मित्र येणार असेल तर त्याला आधीच सांगा. बोटीत मळमळलं तर डिझेलच्या धुरापासून दूर बसा आणि क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नको.

पाण्याखाली पोचल्यावर बघायला भरपूर आहे. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, फुलपाखरू मासे, पोपट मासे, खडकांच्या फटीत बसलेले गोबरे, आणि खडकांवर चिकटलेलं जिवंत प्रवाळ. हा भाग १९८७मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. काही बोटींवर फोटोत मासे जास्त दिसावेत म्हणून पाण्यात ब्रेड टाकतात. आमच्या वेळी टाकू नका, असं आधीच सांगा. माशांचं ते खाणं नाही, आणि त्या सवयीनं खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे आपलं काम सोडून बोटीभोवती फिरायला लागतात. प्रवाळावर पाय टेकवायचा नाही, हात लावायचा नाही. तुमच्या मुलीला हे एकदा सांगितलं की ती मोठ्यांनाही बजावेल. हे मी फार आग्रहानं सांगते आहे, कारण या किनाऱ्यावर उथळ पाण्यात सहज बघता येईल असं प्रवाळ फार थोड्या जागी उरलंय.

चार दिवसांची मांडणी अशी करा. पोचल्याच्या दिवशी आराम आणि बोटवाल्याची भेट. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कुबा. तिसरी सकाळ राखीव, कारण दुसऱ्या दिवशी समुद्रानं नाही म्हटलं तर एक संधी हातात असावी. नाहीच लागली तर त्या दिवशी किल्ला बघा. चौथ्या दिवशी निघा. पाण्यातून आल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं: एकदाच उतरला असाल तर किमान १२ तास, दोन-तीनदा उतरला असाल तर १८ तास थांबतात. साधारण ६०० मीटरपेक्षा उंच घाट चढण्यालाही हाच हिशेब लावतात, आणि आंबोली ६९० मीटरवर आहे. तुमचं स्कुबा अगदी उथळ आणि थोडा वेळ असेल, पण नियम पाळायला काहीच जात नाही. मधे एक दिवस ठेवला की प्रश्नच मिटतो.

सासूबाईंचं विचारलंत. त्यांना बोटीवर न्यायची गरज नाही, दोन-तीन तास हलत्या बोटीत बसून त्यांना काही मिळणार नाही. त्या सकाळी त्या लॉजवर निवांत राहू दे. किल्ल्यावर मात्र अवश्य न्या. १६६४च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. आत महाराजांच्या हाता-पायाचे ठसे जपलेत, शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चहूबाजूंनी समुद्र असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. होडीत चढता-उतरताना त्यांचा हात धरा, एवढंच. त्या मासे खात नाहीत असं तुम्ही लिहिलंय. घरगुती निवासात आधी सांगितलं तर काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, सोलकढी, भाकरी असं सुरेख जेवण करून देतात. भांडी वेगळी हवी असतील तर तसं स्पष्ट विचारा, कुणी राग मानत नाही. तुम्हा बाकीच्यांना तिखटाची काळजी नको, सावजी पचवणाऱ्याला मालवणी रस्सा सौम्यच वाटतो.

जाण्याचं थोडक्यात. नागपूर-मडगाव विशेष गाडी कुडाळला थांबते, आणि कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर आहे. ती गाडी रोजची नाही, तेव्हा तुमच्या तिथीला जुळते का बघा. नाही जुळली तर मुंबईला जाऊन कोकणकन्या नाहीतर तुतारी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा, कोकणच्या गाड्या लवकर भरतात. रेल्वेत एसी डब्यातल्या गार हवेचा झोत रात्रभर तोंडावर घेऊ नका, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून झोपा.

निघण्याआधी दोन-तीन रविवार इथल्याच एखाद्या पूलवर तिघंही उथळ भागात उतरा. पोहायला शिकायचं म्हणून नाही. तोंड पाण्यात घालून, नाकानं श्वास न घेता, फक्त तोंडानं श्वास घ्यायची सवय व्हावी म्हणून. साधी स्नॉर्केलची नळी पुरते, तिचं एक टोक तोंडात आणि दुसरं पाण्याच्या वर असतं. खोलीत जे पैसे वाचतील त्यातून एक चांगला मास्क विकत घ्या, सिलिकॉनचा. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकानं हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही मास्क चेहऱ्याला धरून राहिला तर तो तुमच्या मापाचा. तुमच्या यजमानांना मिशी असेल तर ओठावरचा काठ नीट बसत नाही, थोडी कापावी लागेल. भाड्याच्या मास्कमधून पाणी गळत राहिलं की न पोहणारा माणूस घाबरतो, बाकी सगळं नीट असलं तरी.

लॉजवाल्याला आज फोन करून सांगा की फक्त खोली हवी, तळमजल्याची, मागच्या बाजूची, आणि कपडे वाळवायला ऊन असलेली. त्यानं नुसत्या खोलीचा वेगळा भाव सांगितला तर बोलणं पुढे न्या. 'स्कुबाशिवाय देत नाही' म्हणाला तर दुसरा बघा, धुरीवाड्यात पाच घरं सोडून दुसरं मिळतं. आगाऊ पैसे एकाच रात्रीचे द्या, बाकीचे खोली आणि नळ बघून झाल्यावर.